मोकळ्या हातांची चाचणी

माझा लगाम-अंक अठ्ठ्याऐंशी आला आणि माझ्या बायकोचा एकतीस. निकाल ऐकून मी आधी हसलोच. भारत हरला म्हणून रिमोट भिंतीवर आपटणारा मी, दूधवाल्याशी महिन्यातून एकदा तरी हुज्जत घालणारा मी. आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही जिनं कधी तारस्वर लावला नाही ती वैजयंता. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, दोघांतल्या कुणाला लगामाची गरज आहे ते न विचार करता सांगतील.

पण बाल-सोपवणूक मंडळाच्या त्या थंडगार खोलीत माझ्याखेरीज कुणी हसलं नाही. मंडळाच्या अध्यक्ष दाभोळेबाई. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आवटीसाहेब, तुमचं काही अडलेलं नाही. अडलंय ते तुमच्या मिसेसचं. पन्नासच्या खाली अंक असेल तर आम्हाला मूल सोपवता येत नाही. त्यातून बकुळसारखं मूल तर नाहीच."

"का नाही?" वैजूनं विचारलं.

"जखमी मूल जखमी माणसाच्या हाती द्यायचं नाही. नियम कडक आहे, पण तो का केला ते मला चांगलं माहीत आहे." त्यांनी समोरची स्क्रीन बंद केली. "महिन्याच्या आत अपील करू शकता."

 वैजू सांगलीच्या बाजारात हळदीची प्रतवारी करते, त्यामुळं तिचे हात बारा महिने हळद लागलेल्या नवरीसारखे पिवळे असतात. ते हात मांडीवर होते आणि त्यांची बोटं एकमेकांवर घासत होती. मी तिला बाहेर नेलं. जिन्यात ती एवढंच म्हणाली, "बकुळला काय सांगायचं आता?"

ही लगाम-चाचणी म्हणजे काय भानगड आहे ते सांगतो. मी बॅटरी-बदल केंद्र चालवणारा माणूस, मेंदूतलं मला काय कळणार; पण डॉक्टर तस्नीम बागवानांनी मला ते इतक्या वेळा समजावलंय की आता झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. आपल्या मेंदूत खोल आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढी एकेक गाठ असते. धोका दिसला की ती घंटा वाजवते. कपाळामागचा मेंदू ती घंटा ऐकतो आणि ठरवतो: पळायचं, मारायचं, की काहीच करायचं नाही. या दोघांमध्ये तंतूंचा एक रस्ता असतो. लहानपणी घरात रोज मारझोड असेल तर घंटा फार हळवी होते, भांडं पडलं तरी वाजते. आणि कपाळाकडून 'थांब' म्हणत येणारा रस्ता कच्चा राहतो, कारण तो बांधायच्या वयात सगळं सामान घंटेकडे गेलेलं असतं. अशी माणसं वाईट नसतात. पण चांगलं वागायला त्यांना इतरांपेक्षा जास्त चढ चढावा लागतो, आणि काहींची दमछाक होते.

डॉक्टरांनी त्यासाठी एक शिरस्त्राण तयार केलं. मेंदूत वीज वाहिली की इवलंसं चुंबकीय क्षेत्र उमटतं, ते हे शिरस्त्राण बाहेरून टिपतं. घंटा कधी वाजली, लगाम कधी लागला, मध्ये किती वेळ गेला, सगळं पडद्यावर दिसतं. त्यांचा हेतू सरळ होता, की मार खाल्लेल्या कुठल्या मुलाला कसली मदत हवी ते लवकर कळावं. पण सरकारला एकदा आकडा मिळाला की तो कुठंतरी लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आधी शाळेच्या बसचालकांना लावला, मग पोलीसभरतीला, मग मूल घरी आणू पाहणाऱ्या आईबापांना. खुर्चीत बसवायचं, हात मऊ पट्ट्यांनी खुर्चीच्या हातांना बांधायचे, डोळ्यांवर दृश्यांचा चष्मा चढवायचा. दृश्यात पोर दूध सांडतं, किंचाळतं, अंगावर धावून येतं. तुम्ही नुसतं पाहायचं.

मी नुसतं पाहिलं आणि अठ्ठ्याऐंशी मिळवले. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. माझ्या आईनं मला जन्मात कधी चापट मारली नाही. मारायला हवी होती, असं वैजूचं मत आहे.

वैजूचं लहानपण जत तालुक्यातलं. वडील ट्रकवर होते. ते घरी आले की आधी आईला आणि मग हिला मार ठरलेला. शेजारी गुरवांचं घर होतं. ही पळत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. गुरवीणबाई काही विचारायच्या नाहीत, समजूत घालायच्या नाहीत, हातात कापूस द्यायच्या. देवळाला वाती लागायच्याच. पोरगी थरथरत वाती वळायची, आणि पुरेशा वाती झाल्या की थरथर थांबायची. ती सवय तशीच राहिली. राग आला, भीती वाटली की वैजू कापूस घेऊन बसते. आमच्या घरातल्या वाती मी गल्लीतल्या दोन देवळांत नेऊन देतो. पुजारी कधी कधी विचारतो, "काय यशोधनराव, या आठवड्यात बऱ्याच झाल्या?" मी म्हणतो, "आई राहायला आली होती."

बकुळ आम्हाला भेटली ती मिरजेच्या 'ओसरी' बालगृहात. वय सहा. दोन घरांनी तिला नेलं आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडलं, कारण ती चावते. पहिल्या भेटीत ती टेबलाखालून बाहेर आली नाही. दुसऱ्या भेटीत आली आणि वैजूच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. मी "ए!" म्हणून एवढ्यानं ओरडलो की बाहेरच्या ताई धावत आल्या. वैजूनं त्यांना हातानंच थांबवलं, भिंतीला टेकून खाली बसली आणि पर्समधून कापूस काढला.

बकुळ दूर उभी राहून बघत होती.

"काय करतीस?"

"वाती."

"कशाला?"

"राग आलाय म्हणून."

"कुणाचा?"

"तुझा."

पोरगी जरा थांबली. "मग मार की."

"न्हाई मारणार. वाती करणार."

"किती?"

"राग जाईपर्यंत."

बकुळ हळूहळू जवळ सरकली. ती वाती मोजत नव्हती, वैजूचं तोंड बघत होती. हे मोठं माणूस आता खरंच उठणार नाही ना, याची ती खात्री करून घेत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "गेला?" वैजू म्हणाली, "थोडा हाय अजून." मग बकुळ तिच्या शेजारी बसली, आणि त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. दर रविवारी आम्ही जायला लागलो. ती वैजूला 'वातीवाली' म्हणायची आणि मला काहीच म्हणायची नाही.

दिवाळीनंतर बकुळला सात वर्षं पूर्ण होणार होती. सात झाली की लांबच्या मोठ्या वसतिगृहात रवानगी, आणि तिथून कुठलं मूल कुणाच्या घरी गेल्याचं फारसं कुणी ऐकलेलं नाही. म्हणजे आमच्या हातात होता तो हा अपिलाचा महिना.

डॉक्टर तस्नीम यांचा दवाखाना मिरजेतच. पन्नाशीची बाई, डोक्यावर चष्मा ठेवून तोच सगळीकडे शोधत फिरणारी. त्यांनी वैजूचा आलेख पुन्हा पुन्हा पाहिला.

"मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, वैजयंताताई. चाचणी बरोबर आहे. तुमची घंटा फार मोठ्यानं वाजते आणि लगामाचा रस्ता बारीक आहे. पण उपाय आहे. शमन म्हणतात त्याला. जुनी आठवण जागी करायची आणि मेंदू ती परत साठवत असतानाच औषध द्यायचं. आठवण राहते, तिच्यातली भीती उतरते. थोड्याच बैठका लागतात. अंक साठच्या वर जाईल, अपिलाच्या आत."

मला तर डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं. वैजू मात्र विचारात पडली.

"म्हणजे बाबा आठवतील, पण भीती वाटणार न्हाई?"

"नाही वाटणार."

"मी लहान होते तेव्हा एकदा आईला तुडवताना बघितलं. तेव्हाच ठरवलं, माझा हात कुणावर उठू द्यायचा न्हाई. ते त्या भीतीतनंच ठरवलं होतं. भीती गेली, तर ते ठरवलेलं ऱ्हाईल का जाईल?"

डॉक्टरांनी डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणी तपासलेलं नाही."

"मग नको."

परतीच्या वाटेवर स्कूटरवर मी एक शब्द बोललो नाही. घरी आल्यावर मात्र तोंड सुटलं. पोरगी हातची चाललीये आणि ही शब्दांचा कीस काढत बसलीये, असं मला वाटत होतं, आणि ते मी तसंच बोललो. ती कापसाचा डबा घेऊन मागच्या खोलीत गेली. पुढचे काही दिवस आमच्या घरात फक्त मिक्सर बोलत होता.

आठवड्यानं डॉक्टर आमच्या घरी आल्या. अपिलाला जोडायला घरातला साधा आलेख लागतो. माणूस आपल्या घरी, आपल्या खुर्चीत, निवांत असताना मेंदू कसा चालतो त्याचा. वैजूच्या डोक्यावर शिरस्त्राण चढलं. डॉक्टर पडदा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या, मी चहा आणला. आणि निवांतपणाची वाट मी लावली.

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. दातांच्या डॉक्टरकडं माणूस याहून जास्त वेळा जातो!"

"माझा मेंदू हाय ओ," वैजू म्हणाली. "तुमच्या दुकानातली बॅटरी न्हवं, काढली आणि दुसरी बसवली."

"तुला बकुळ नकोच आहे. तुला तुझं दुःख कुरवाळत बसायचंय!"

हे तोंडातून गेलं आणि लगेच मला माझीच लाज वाटली. वैजूचा चेहरा पांढरा पडला. तिनं टीपॉयखालचा डबा ओढला, कापूस घेतला आणि तळहातावर घासायला सुरुवात केली. मी माफी मागणार, तेवढ्यात डॉक्टर ओरडल्या.

"थांबा! नाही, थांबू नका! तेच परत बोला!"

"काय?"

"तेच, जे आत्ता बोललात. ताई, कापूस खाली ठेवा. साहेब, बोला!"

आता हुकमावर भांडायचं म्हणजे कठीणच. मी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा वैजूलाच हसू फुटलं. मग डॉक्टरांनी दुसरी युक्ती काढली. त्यांनी वैजूला तिच्या वडिलांच्या ट्रकचा हॉर्न आठवायला सांगितला. मी तिच्याजवळ बसलो होतो. नुसत्या आठवणीनं तिच्या मानेवर काटा आला. पडद्यावरच्या डोक्याच्या चित्रात घंटेची तांबडी रेघ वर गेली, पार टोकाला टेकली म्हणावं इतकी. डॉक्टर म्हणाल्या, "आता घ्या कापूस." बोटं फिरायला लागली. आणि पडद्यावर, जिथं आतापर्यंत काहीच नव्हतं तिथं, माथ्यावर एक निळा ठिपका पेटला, मग डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा, तिथून निळी रेघ फिरून कपाळात आली, आणि तांबडी रेघ खाली उतरली.

 डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "आता ताईंचे हात धरा. घट्ट."

मी धरले. पुन्हा हॉर्न. तांबडी रेघ वर गेली आणि वरच राहिली. निळं काही पेटलंच नाही. वैजूच्या कपाळावर घाम आला, तेव्हा मी आपणहूनच हात सोडले.

"बाह्यवळण आहे हे," डॉक्टर म्हणाल्या. "गावातला रस्ता अरुंद असला की गाड्या बाहेरून जातात की नाही? माथ्यावरचा हा भाग बोटं चालवतो. मागचा हा लहान मेंदू, हालचालीची लय सांभाळतो. ताईंचं 'थांब' बोटांतून जातं, लयीतून फिरतं आणि कपाळात पोचतं. गावातल्या रस्त्याहून चांगलं रुंद आहे. आणि हे त्यांनी स्वतः बांधलंय, त्या ओट्यावर बसून, वर्षानुवर्षं."

"मग चाचणीत का न्हाई दिसलं?" वैजूनं विचारलं.

डॉक्टर हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "कारण आम्ही हात बांधतो! मी शिकत होते तेव्हा मेंदूचं यंत्र बोगद्यासारखं असायचं. त्यात माणूस जरासा हलला की चित्र पुसट. म्हणून पहिला धडा हाच: हलू द्यायचं नाही. मग हे शिरस्त्राण आलं. याच्यात तुम्ही चाला, नाचा, काही बिघडत नाही. पण हात बांधायचं आम्ही सोडलंच नाही. सोवळ्यासारखं पाळत राहिलो. माझ्यासकट एकानंही विचारलं नाही, की आता का बांधतोय आपण?"

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि निघाल्या. जाताना दारात म्हणाल्या, "साहेब, तुम्ही फार वाईट बोललात. पण बरं झालं बोललात." वैजू म्हणाली, "त्यांना डोक्यावर बसवू नका, डॉक्टर." मग दार लावून घेतल्यावर मी तिची रीतसर माफी मागितली. तिनं ती दोनदा मागायला लावली.

पुढचे दोन आठवडे डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. पूर्वी नापास झालेल्या पस्तीस-चाळीस जणांना गाठून त्यांनी परत बोलावलं आणि हात मोकळे सोडून, पाय मोकळे सोडून, तोंड मोकळं सोडून चाचणी घेतली. तासगावचा एक रिक्षावाला घंटा वाजली की गुणगुणायचा. एक बाई खोलीत येरझाऱ्या घालायच्या. एकजण ओठांतल्या ओठांत पाढे म्हणायचा. प्रत्येकाचं बाह्यवळण वेगळं, आपापलं बांधलेलं. सगळ्यांनाच ते होतं असं नाही. दहा-बारा जणांत कुठलाच रस्ता सापडला नाही, आणि डॉक्टरांनी तेही लपवलं नाही. "यांना मदत हवी आहे," त्या म्हणाल्या. "पण बाकीच्यांना आपण फुकट दारातून परत पाठवलं."

अपिलाच्या दिवशी मंडळाची खोली भरली होती. डॉक्टरांनी सगळं मांडलं. दाभोळेबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्या बोलल्या. आवाज चढा नव्हता, पण खोलीतली कुजबूज थांबली.

"डॉक्टर, आठ वर्षांपूर्वी मी एक मुलगा एका घरी दिला. माणसं इतकी गोड होती, की मी घरी जाऊन त्यांच्याकडे जेवले. तीन महिन्यांनी तो मुलगा मी दवाखान्यात पाहिला. तेव्हापासून माझा गोड माणसांवर विश्वास नाही आणि आलेख मला हवा असतो. आता तुम्ही म्हणता, यांचा लगाम कापसात आहे. बरं. कापूस हाताशी नसला तर? पोरगी रस्त्यात चावली तर? दोन्ही हातांत पिशव्या असल्या तर?"

प्रश्न रास्त होता.  वैजू उठली. पर्समधला कापूस काढून तिनं दाभोळेबाईंच्या टेबलावर ठेवला.

"इथंच घ्या चाचणी," ती म्हणाली. "कापसाबिगर. चष्म्यातली दृश्यं नकोत, तुम्हीच विचारा काय विचारायचं ते. सगळ्यांच्या समोर."

डॉक्टरांनी तिचा दंड धरला, "ताई, अशी घाई नको." पण ती खुर्चीत बसली होती. शिरस्त्राण चढलं. भिंतीवर मोठा पडदा, सगळ्यांना दिसेल असा.  बकुळचं सगळं आयुष्य त्या पडद्यावरच्या एका रेघेला बांधलंय, असं मला वाटलं, आणि खरंच तसं होतं.

"उद्या ही मुलगी तुम्हाला चावली तर?" दाभोळेबाईंनी विचारलं.

"चावलीये की आधीच." वैजूनं मनगट दाखवलं. लोक हसले. तांबडी रेघ जराशी हलली आणि बसली.

दाभोळेबाई हसल्या नाहीत. त्या टेबलावर पुढं झुकल्या. "तुमचे वडील तुमच्या आईला काय करायचे, ते तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंय. तुम्ही शेवटी त्यांचीच मुलगी ना? त्यांचंच रक्त. मग तुमच्या हाती मी पोरगी का द्यावी?"

खोलीत कुणीतरी "अहो बाई" म्हणालं. तांबडी रेघ सरळ वर गेली, पडद्याच्या टोकाला भिडली. मी वैजूकडे पाहिलं. तिचा जबडा आवळलेला होता आणि मानेची शीर उडत होती. मी उठणार होतो, डॉक्टरांनी मला खाली दाबलं.

मग वैजूचा अंगठा हलला. तो तर्जनीवर फिरला, मग मधल्या बोटावर. हातात काही नव्हतं, पण बोटं त्याच लयीत, त्याच बेतानं फिरत राहिली. माथ्यावर निळा ठिपका पेटला. मागं दुसरा पेटला. निळी रेघ निघाली. कापूस असताना यायची त्याहून सावकाश निघाली, मध्ये एकदा अडखळली, आणि कपाळात पोचली. तांबडी रेघ उतरू लागली. उतरत उतरत ती सुरुवातीपेक्षाही खाली आली. त्यानंतरच वैजूनं तोंड उघडलं.

"व्हय," ती म्हणाली, "त्यांचीच मुलगी. राग त्यांचा आलाय माझ्याकडं, तो जाणार न्हाई. हात माझे हाईत."

 दाभोळेबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की आपल्याला कुणीतरी चूक ठरवावं म्हणून या बाई किती वर्षं थांबल्या होत्या.

"मला माफ करा, मी मुद्दाम बोलले," त्या वैजूला म्हणाल्या. "एवढं मला कुणी घरात बोललं असतं, तर मी काय केलं असतं सांगता येत नाही." मग त्यांनी सचिवांना लिहून घ्यायला सांगितलं. यापुढं चाचणीत कुणाचे हात बांधायचे नाहीत. कायदा झाल्यापासून ज्यांना नाही म्हटलं, त्या सगळ्यांना परत बोलवायचं. ज्यांना रस्ता सापडत नाही त्यांना नकार पाठवून मोकळं व्हायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. आणि वैजूकडे वळून त्या म्हणाल्या, "उद्या दहाला 'ओसरी'त या. डबा आणा बरोबर, त्या पोरीला भूक फार लवकर लागते."

मी रडलो. अगदी हुंदके देऊन रडलो. वैजू माझ्या पाठीवर थोपटत होती, आणि डॉक्टर खुशाल हसत होत्या.

बकुळ घरी आली. पहिले काही दिवस ती पलंगाखाली झोपली, मग पलंगावर. आम्ही तिच्या हातात कापूस देऊन पाहिला, तिनं तो उशीत कोंबला. डॉक्टर म्हणाल्या, शिकवायला जाऊ नका. बाह्यवळण दुसऱ्याचं उसनं घेता येत नाही. तिला कुणी मारणार नाही एवढं तिला पटू दे, मग तिचं तिलाच सापडेल. कधी, ते विचारू नका.

एका रविवारी दुपारी वैजू तिचे केस विंचरत होती. केसांत गुंता झाला होता. फणी अडकली, ओढ बसली. बकुळ गर्रकन फिरली आणि वैजूच्या दंडावर तिचे दात टेकले. मी दारात उभा होतो. वैजू हलली नाही, तिनं हात काढून घेतला नाही. मला पोरीची फक्त पाठ दिसत होती, श्वासानं वरखाली होणारी.

दात रुतले नाहीत. बकुळनं तोंड बाजूला घेतलं. दंडावर नुसती ओल होती. ती इकडे तिकडे बघायला लागली, काहीतरी हरवल्यासारखी, आणि एकदम स्वयंपाकघरात पळाली. फळीवरची परात खाली ओढली, लाटणं घेतलं आणि दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली. आधी नुसता दणदणाट. मग त्यात ठेका आला. धडाड धड, धडाड धड. लाल झालेला चेहरा, घट्ट मिटलेले डोळे, आणि एकसारखा ठेका. वैजू तिथंच जमिनीवर बसली होती, दंड धरून, हसत होती की रडत होती कुणास ठाऊक. मला तर दोन्ही एकदम येत होतं.

समोरच्या गच्चीत बिरनाळेकाका बनियनवर बाहेर आले. रविवारची दुपारची झोप मोडली होती.

"अहो आवटी! काय चाललंय काय?"

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. लेक बोर्डात पहिली आल्यावर बाप ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात ओरडलो, "बकुळला राग आलाय!"

"मग?"

"मग काही नाही, काका! वाजवतीये!"